मुग्धाच्या लग्नाआधी चार दात

माझा पहिला दात पडला तो ऊस सोलताना नाही की पेरू खाताना नाही. साधा वरणभात खाताना पडला. खडा आला म्हणून मी तांदूळ निवडणाऱ्या बाईवर चिडले. ती बाई मीच. खडा बोटांत धरून पाहिला, तर तो दात होता. किडलेला नाही, तुटलेला नाही, मुळासकट अख्खा. दुखलंसुद्धा नाही.

तेव्हाच डॉक्टरकडे धावायला हवं होतं. मी तो कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आणि जेवण पुरं केलं. बारा वर्षांचा मधुमेह असलेल्या बाईने असं करू नये, हे सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही, जबलपूरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. औषधांची नावं मला विचारू नका, ती तुमचे डॉक्टर सांगतील. माझं काय झालं आणि मी कुठे गाढवपणा केला, तेवढं सांगते.

तोंडावर पदर

दोन वर्षांत वरचे पुढचे चार दात गेले. हिरड्यांतून रक्त यायचं तेव्हा मी ब्रशला दोष दिला. साखर हिरड्या पोखरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. दोन दात आपणहून पडले, दोन काढावे लागले, आणि त्या जागी काढघालीची कवळी आली. ती बोलताना टकटक वाजायची आणि हसले की खाली यायची. मी हसणं कमी केलं. बोलताना तोंडावर पदर धरायची सवय लागली.

माझं खरं दुःख वेगळंच होतं. मी मंगलाष्टकं म्हणते. जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात आणि आसपासच्या मराठी घरांत लग्न निघालं की मला बोलावणं यायचं. नवरानवरीची नावं गुंफून मी कडवी रचायची आणि खड्या आवाजात म्हणायची. मूलबाळ नसलेल्या बाईला लग्नमंडपात असा मान मिळतो, हे माझ्यासाठी फार मोठं होतं. दात गेल्यावर घसा बसल्याचं सांगून मी दोन लग्नं टाळली.

मग मुग्धाचं ठरलं. मुग्धा माझ्या भावाची, दिलीपची मुलगी. ते लोक दोन गल्ल्या सोडून राहतात, पण पोरगी अर्धी आमच्याच घरात वाढली. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र गाडी हिंदीवर जाते.

"आत्या, मंगलाष्टक तू म्हणणार. फायनल."

"माझा घसा बसून राहिला गं हल्ली."

"घसा नाही, दात. सब पता है मला. लग्न फेब्रुवारीत आहे. चल, उद्या दाखवून येऊ."

तिने मला स्कूटीवर घालून नेलं, तेव्हा जून महिना होता.

आठच्या खाली

दातांच्या डॉक्टर तिशीतल्या, भराभर हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी फोटो काढला, हाड तपासलं आणि म्हणाल्या की हाडात दोन स्क्रू बसवू, त्यांवर चार पक्के दात. काढायचे नाहीत, घालायचे नाहीत, वाजणार नाहीत. मी खुर्चीतच मनाने मांडवात पोचले.

मग त्यांनी साखरेचा कागद मागितला. तीन महिन्यांची सरासरी नऊ पॉइंट दोन.

"आंटी, इसको आठ के नीचे लाइए। तब तक मैं हाथ नहीं लगाऊँगी।"

साखर चढलेली असली की जखम भरत नाही, हिरडी चिघळते, हाड स्क्रूला धरत नाही आणि मग तो निघून येतो. असं त्यांनी नीट समजावलं. साखर असलेल्यांना हे दात बसवताच येत नाहीत असं मला शेजारणीने सांगितलं होतं. ते खोटं निघालं. बसतात, पण साखर आधी ताब्यात लागते. मुग्धाने तिथल्या तिथे बोटं मोजली. तीन महिने साखरेला, सप्टेंबरात स्क्रू, पुढे चारेक महिने हाड धरायला, जानेवारीच्या शेवटी दात. गणित बरोबर सुटत होतं.

माझी शिस्त

मी ती परीक्षाच समजले. चहातली साखर बंद, मिठाई बंद, सकाळी चालणं सुरू. आमचे हे माझ्यासमोर बसून खव्याची जिलेबी खायचे, तरी मी तिकडे पाहिलं नाही.

आणि मी उपास वाढवले.

संकष्टी मी लग्नानंतर तिसऱ्या वर्षापासून धरते. मूल व्हावं म्हणून सासूबाईंनी धरायला सांगितली होती. मूल झालं नाही, उपास राहिला. सोडायचा कधी, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता मात्र तो कामाला येईल असं वाटलं. उपास म्हणजे अन्न कमी, अन्न कमी म्हणजे साखर कमी. इतकं सोपं समीकरण मी सातवीच्या पोरांनाही घातलं नसतं. त्यात चातुर्मास लागला. संकष्टीला एकादशी जोडली, सोमवार जोडला, श्रावणात शनिवारही. आठवड्यातले तीन तीन दिवस मी धान्याला शिवत नव्हते. दिलीपची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की वन्सं किती करतात बघा, आणि मी वरवर नाही नाही म्हणत मनातून फुगायची.

सप्टेंबरात कागद आला. नऊ पॉइंट सहा.

मी तपासणीवाल्याशी भांडले. रक्ताची बाटली बदलली असेल, पुन्हा घ्या म्हटलं. त्याने पुन्हा घेतलं. पुन्हा नऊ पॉइंट सहाच आलं.

"आंटी, सच बताइए। चोरी से मीठा?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिलकुल नहीं। मैं तो हफ्ते में तीन दिन व्रत रखती हूँ।"

"व्रत में क्या खाती हैं?"

मी म्हटलं फराळ. तो शब्द त्यांच्या ध्यानात येईना, म्हणून मुग्धा मोजायला लागली. "साबूदाना खिचडी, आलू का कीस, शकरकंद, केला, राजगिरे का लड्डू। आणि सिंघाड़े के आटे का शिरा. मझौलीहून आटा येतो ना आत्या, तो."

डॉक्टरांच्या घरी व्रत म्हणजे दिवसभरात एक फळ आणि दूध. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आंटी, ये व्रत है कि बारात का खाना?"

मुग्धा खदखदून हसली. मलाही हसू यायला हवं होतं, पण मला एकदम रडू फुटलं. तीन महिने वाया गेले होते आणि ते मी उनाडपणाने नाही, शिस्तीने घालवले होते. तुम्ही साखरेचे रोगी असाल आणि उपासाच्या दिवशी आज आपण काही खाल्लं नाही असं म्हणत असाल, तर कृपा करून एकदा ताटाकडे बघा. मी बारा वर्षांत बघितलं नव्हतं.

परत येताना स्कूटीवर मागे बसून मी मनातल्या मनात बेरीज केली. आता डिसेंबरच्या आत स्क्रू नाही. लग्नाला माझ्या तोंडात दात नसणार.

दोन दिवस अबोला

घरी आल्यावर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गणपतीने काय तुला शिंगाड्याचा शिरा खा म्हणून सांगितलं होतं? मी कधीपासून सांगून राहिलो, पण तू ऐकते कुणाचं?"

"तुम्ही काहून मधे बोलून राहिले? जिलेबी खाणाऱ्याने तर बोलूच नये."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. आजारपणात घरातली माणसं काळजीने चिडतात आणि आपण लाजेने चिडतो. बाहेरून ते सारखंच भांडण दिसतं. मी साखरेची गोळी पाण्यासोबत गिळायची ती यांच्याकडे पाठ करून.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी सवयीने साबुदाण्याच्या डब्याला हात घातला, तसे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"नलू, ज्याच्यासाठी धरली होती ते तर झालं नाही. आता सोड ना."

पस्तीस वर्षांत आम्ही ते वाक्य एकमेकांशी बोललो नव्हतो. डॉक्टर फिरलो, देव फिरलो, मग एके दिवशी दोघंही गप्प झालो, आणि माझी चतुर्थी तेवढी चालू राहिली. मला वाटायचं यांच्या लक्षात नसेल. त्या दिवशी कळलं की दर महिन्याला यांच्या लक्षात होतं. मी डबा तसाच धरून रडले. हे जवळ आले, डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

मग मी देवापुढे बसले. प्रार्थना कसली, भांडणच केलं. म्हटलं, एवढी वर्षं मी तुझ्यासाठी जेवले नाही, आता तुझ्यासाठीच जेवते. राग आला तर मला सांग, दातांवर काढू नकोस.

चतुर्थीचा नाश्ता

पुढचे तीन महिने मी वेळेवर जेवले, बाकी काही नाही. माझ्या साखरेच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक. दर तीन तासांनी थोडं. हे घड्याळ लावून बसायचे. कुठे गेलं की बायका "आज उपास ना?" असं विचारायच्या, आणि नाही म्हणताना जीभ अडखळायची. कुणी कुणी नाकही मुरडलं. डिसेंबरात सरासरी सात पॉइंट सात आली. मी तो कागद यांना दाखवला, मुग्धाला दाखवला, भांडले होते त्या तपासणीवाल्यालाही दाखवला.

डॉक्टरांनी तारीख दिली आणि बजावलं, "नाश्ता करके, गोली लेके आइए। खाली पेट बिलकुल नहीं।" ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण तोंडाला बधिर करून करतात त्या कामात साखरवाल्याने उपाशी जाणं धोक्याचं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

तारीख पाहिली तर संकष्टी.

तारीख बदलून घ्यावी असं क्षणभर मनात आलं. यांनी कॅलेंडर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आदल्या संध्याकाळी मटर सोलायला बसले. पाटनकडचा मटर बाजारात नुकताच आला होता. त्या दिवशी सकाळी यांनी स्वतः मटरची उसळ केली. मीठ जास्त पडलं होतं. मी दाढेकडून हळूहळू चावत उसळ आणि भाकरी खाल्ली. पस्तीस वर्षांत संकष्टीच्या सकाळी पहिल्यांदा मी धान्य खाल्लं. काही झालं नाही. गोळी घेतली, साडी बदलली आणि निघाले.

खुर्ची

सुई टोचते, ती एक-दोनदा लागते. नंतर दुखत नाही, पण ऐकू येतं. हाडाला भोक पाडण्याचा आवाज बाहेरून येत नाही, आपल्याच डोक्यातून येतो. आपण नवीन घरात चित्र टांगायला भिंत कोरतो ना, तसा, आणि भिंत आपणच. मी डोळे मिटून सतरापासून पुढचे पाढे म्हणत होते. डॉक्टरांच्या मदतीला रीना दीदी म्हणून एक बाई होत्या. त्यांनी न सांगता माझा अंगठा धरून ठेवला. त्या बाईंचा हात मला अजून आठवतो.

तासाभरात दोन्ही स्क्रू बसले, टाके पडले. साखर मधे एकदा मोजली, ठीक होती. बाहेर मुग्धा बसली होती, तिचे डोळे माझ्यापेक्षा लाल.

"हो गया?"

मी मान हलवली. तोंडात कापसाचा बोळा होता.

चौथ्या दिवशी ओठ सुजून वर आला आणि कळ मारायला लागली. आता हे चिघळणार, स्क्रू निघणार, सगळं पाण्यात जाणार, असं माझ्या डोक्याने पाच मिनिटांत ठरवूनही टाकलं. आधीच्या माझ्या स्वभावाप्रमाणे मी हळद लावून गप्प बसले असते. या खेपेला मी लगेच फोन लावला. डॉक्टरांनी बोलावून घेतलं, जखम धुतली, औषध वाढवलं. तीन दिवसांत सूज उतरली. दहाव्या दिवशी टाके निघाले, तेव्हा हिरडी गुलाबी होती. एवढा गुलाबी रंग मी माझ्या तोंडात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मांडवात

साखर असलेल्यांचं हाड धरायला वेळ घेतं, घाई करायची नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. लग्नाला मिरवायला म्हणून जुनीच कवळी होती, पण जखमेवर दाब पडू नये म्हणून ती आतून घासलेली, आधीपेक्षा ढिली. मी कडवी रचायला बसले तेव्हा दात लागणार नाहीत अशी अक्षरं शोधत होते. मग ध्यानात आलं की शेवटी 'सावधान' म्हणायचंच आहे, आणि त्यातलं एकही अक्षर पुढच्या दातांशिवाय नीट निघत नाही. मी वही मिटली.

"मुग्धा, दुसऱ्या कुणाला सांग गं. लोक हसतील."

"हसू दे. तू नाही म्हणणार तर कुणीच नाही म्हणणार. मग बँडच वाजेल."

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला आणि माझ्या हातात माइक आला. पहिलं कडवं जिभेने कवळी टाळूला दाबत कसंबसं म्हटलं. दुसऱ्याच्या पहिल्याच ओळीत ती सुटली आणि जिभेवर पडली. माइकमधून टक् असा आवाज साऱ्या मांडवाला ऐकू गेला. पुढच्या रांगेतलं कुणाचं तरी लहान मूल फिसकन हसलं. नवऱ्याकडची मंडळी माझ्याकडे बघत होती.

मला पळून जावंसं वाटलं, हे खरं सांगते. पण अंतरपाटाच्या वर मुग्धाचा फक्त मुंडावळ्या बांधलेला माथा दिसत होता, आणि तो हलत नव्हता. ती वाट बघत होती.

मी वळले, कवळी तळहातावर काढली आणि यांच्या हातात दिली. यांनी ती रुमालात घेऊन कोटाच्या खिशात ठेवली, जणू मी यांना चष्माच दिला. मग मी पदर खांद्यावर घट्ट खोचला, तोंडावर धरायला हात मोकळा ठेवलाच नाही, आणि तेच कडवं पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. दातांच्या रिकाम्या जागेतून वारा सुटत होता, अक्षरं घसरत होती, सूर मात्र जागेवर होता. सगळी कडवी म्हटली. प्रत्येक 'सावधान' सुस्कारा टाकल्यासारखं निघालं आणि प्रत्येक वेळी अक्षता पडल्या.

आणि आता

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी दोन्ही स्क्रू तपासले. एकेकाला धरून, ठोकून, फोटो काढून. "पकड़ लिया, आंटी। दोनों ने।" मे महिन्यात दात बसले. आता सकाळ-संध्याकाळ ब्रश, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि साखरेवर नजर जन्मभर. दात पक्के आहेत म्हणून आजार गेला असं नाही. परवा सरासरी सात पॉइंट चार होती. संकष्टीला मी देवाला दुर्वा वाहते आणि वेळेवर जेवते.

दात आले त्याच आठवड्यात मी एक खटपट केली. मुग्धाच्या लग्नाचा व्हिडिओ तिच्या मैत्रिणीने मोबाइलवर घेतला होता, आणि तो पाहायची माझी हिंमत झाली नव्हती. मी सगळी मंगलाष्टकं घरात बसून नव्याने म्हटली. यांनी ती फोनवर रेकॉर्ड केली. एकेक अक्षर खणखणीत आलं. ती भोपाळला मुग्धाच्या सासरी पाठवली आणि लिहिलं की व्हिडिओतला जुना आवाज काढून हा घाल, पुढे तुझी मुलं बघतील तर त्यांना आत्याआजी नीट ऐकू यावी.

तासाभराने तिचा फोन आला.

"आत्या, एकदम मस्त झालं. सब साफ ऐकू येऊन राहिलं. मी हे ठेवते. पण व्हिडिओत नाही घालणार."

"काहून गं?"

"कारण ते माझं लग्न होतं ना. माझ्या लग्नात तू दात काढून आत्तोबांच्या हातात दिले आणि सगळ्यांसमोर उभी राहून म्हणत राहिली. मी अंतरपाटामागे इतकी रडली की काजळ गेलं. ते मी कसं काढून टाकू?"

फोन ठेवल्यावर मी यांना हाक मारली, दोघं पलंगावर बसलो आणि तिच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. मी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.